भांगाच्या पाण्यातली सुरमई

चाळीस वर्षं मी मासे विकले. डहाणूच्या बंदरावर माल घ्यायचा, पाटीत बर्फ घालायचा आणि बाजाराच्या दिवशी टेम्पोत बसून तलासरीला जायचं. सुरमईचा कल्ला उघडून रंग बघितला की ती जाळ्यात कधी आली ते मी सांगते. कोणी म्हणालं, "मावशी, ही कालची वाटते," तर त्याला मी असं काही ऐकवते की पुढच्या बाजाराला तो लांबूनच रामराम करतो. पण जिवंत सुरमई मी गेल्या हिवाळ्यापर्यंत पाहिली नव्हती. हसू नका. आमच्यात बाया होडीवर जात नाहीत. समुद्र पुरुषांचा आणि वाळूपासून अलीकडचं सगळं आमचं, अशी वाटणी आहे. मला कोणी काठी घेऊन अडवलं होतं असं नाही, पण कोणी चल म्हणालंही नव्हतं. मासा माझ्या हातात यायचा तो मेलेलाच.

आमचे हे तांडेल. होडी कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं हे ठरवतो तो तांडेल, आणि पाण्यावर त्याच्या शब्दापुढे होडीच्या मालकाचंही चालत नाही. पस्तीस वर्षं यांनी सुकाणू धरलं. दोन वर्षांपूर्वी एक दिवस घरी आले आणि म्हणाले, गुडघे गेले, आता समुद्र पुरे. मोठी होडी पुतण्याकडे दिली, जुनी लहान होडी खाडीत बांधून ठेवली आणि ओटीवर बसून जाळी विणू लागले. मी रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि चोळता चोळता तोंडाचा पट्टा चालवायची. ते निमूट ऐकून घ्यायचे. एवढं ऐकून घेतात म्हणजे गुडघे खरंच दुखत असणार, असं मला वाटायचं.

आम्हाला मुलगी एकच. कॉलेज झाल्यावर ती मालवणला जाऊन पाण्याखाली उतरायचं शिकली, मग अंदमानात दोन हंगाम पाहुण्यांना प्रवाळ दाखवत राहिली, आणि परत आली ती एक खूळ डोक्यात घेऊन. आपल्या जुन्या होडीतून एका वेळी चारच माणसं खोल समुद्रात न्यायची, डॉल्फिन दाखवायचे, पक्षी दाखवायचे, आणि मग डोळ्यांना मास्क, तोंडात नळी लावून त्यांना पाण्यात उतरवायचं. कशासाठी, तर सुरमई आणि कुपा शिकार कशी करतात ते बघायला. कुपा म्हणजे तुम्ही शहरात ज्याला टुना म्हणता तो. मी म्हटलं, बये, डहाणूच्या पाण्यात गुडघाभर उतरलं तर आपलीच बोटं दिसत नाहीत, तिथे तू लोकांना मासे काय दाखवणार? ती म्हणाली, किनाऱ्याला चिखल आहेच, पण थंडीत तीन तास आत गेलं आणि भांग असला की पाणी निवळतं. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तो काळ. ओटीवर जाळं विणणाऱ्या तिच्या बापाने वर न बघता मान हलवली. म्हणजे खरं होतं.

खरं असून उपयोग काय? पहिली फेरी तिने रविवारी काढली, कारण पाहुण्यांना सुट्टी रविवारची. तो रविवार नेमका पौर्णिमेला लागून होता. उधाणाने समुद्र तळापासून ढवळून काढला होता, आणि चार माणसं तीन तास जाऊन चहाच्या रंगाच्या पाण्यात डोकी बुडवून आली. दुसऱ्या फेरीला तिने दिवस बरोबर निवडला, पण जागा चुकली. पुतण्याच्या होडीवरच्या जीपीएस मशीनवर जी जागा होती तिथे घेऊन गेली, आणि तिथे नुसत्या जेलीफिश. एका पाहुण्याच्या मानेला असे फोड आले की त्याला आल्या पावली दवाखान्यात न्यावं लागलं.

तेवढ्यात अंदमानातून बोलावणं आलं. कायमची नोकरी, राहायला खोली, आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं. मुलगी आम्हाला जेवताना म्हणाली, "अजून एक फेरी करते. तीही रिकामी गेली तर मी जाते." रागाने नाही म्हणाली, भाताचा घास कालवत म्हणाली.  मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. मला माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर हवी होती. अंदमानला फोन लावला की दर दोन शब्दांनी आवाज तुटतो, आणि तिला ताप आहे हे मला चार दिवसांनी कळतं. पण जा म्हणायचा किंवा राहा म्हणायचा मला काय हक्क? फेरी रिकामी गेली नाही तरच ती राहणार होती, हे उघड होतं.

आणि मासे कुठे मिळतील हे माझ्याच घरातल्या एका माणसाला माहीत होतं. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना एका खडकाची जागा सांगितली होती. समुद्राच्या तळाशी खडक असला की त्याच्यावर बारीक मासे जमतात, आणि बारीक माशांमागे सुरमई येते. पाण्यावरून खडक दिसत नाही. तो सापडतो खुणेने. किनाऱ्यावरची एक उंच वस्तू आणि तिच्या मागचा एक डोंगर एकमेकांपासून किती अंतरावर आले की थांबायचं, ती खूण. तांडेल ही खूण कोणाला सांगत नाही. पुतण्याने पाया पडून विचारलं होतं, तरी नाही सांगितली. जो आपल्यामागे सुकाणू धरेल त्यालाच सांगायची असते, आणि आम्हाला मुलगा नाही. मुलीने एकदाच विचारलं. हे म्हणाले, "बघू."

त्या "बघू"वरून मी तीन दिवस घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, कोणाला सांगणार आहात ती खूण, सरणावरच्या लाकडांना? म्हटलं, पोर चालली अंदमानला आणि तुम्हाला खडकाची पडली आहे. चौथ्या दिवशी जाळ्याची गाठ मारता मारता ते म्हणाले, "बुधवारी अष्टमी आहे. मी नेतो होडी." मी म्हटलं, "आणि गुडघे?" ते म्हणाले, "होडीत बसायचंच असतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू पण ये." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, मी कशाला, पाहुण्यांना मासे तळून घालायला? तर म्हणाले, "ये म्हटलं ना." चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा झालं, आणि मी मूर्खासारखी लाजले.

बुधवारी उजाडायला आम्ही खाडीतून निघालो. पाहुणे चार. एक तलासरीचे गुरुजी, माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. पूर्वेच्या डोंगरातल्या भात-नागलीवाल्या घरातला माणूस, कुर्झे धरणात पोहायला शिकलेला, पण समुद्रावर कधी गेलेला नाही. दुसऱ्या बोर्डीच्या चिकूवाडीवाल्या बाई, माझ्याच वयाच्या, आणि एक मुंबईचं जोडपं. इंजिनावर ह्यांचा जुना खलाशी होता, आगर गावचा. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून त्याचे दोन्ही कान गेलेले, त्यामुळे त्याच्याशी सगळं हाताने बोलायचं. मुलगी पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी, उभी होती. महालक्ष्मीआईला हात जोडले, नारळ सोडला, आणि मी होडीच्या मागच्या बाजूला ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. पाय कुठे ठेवायचे तेही मला कळत नव्हतं.

खाडीचं तोंड सुटल्यावर ह्यांनी हुकूम काढला. सगळ्यांचे फोन बर्फाच्या रिकाम्या पेटीत टाकायचे, मुलीचं जागा दाखवणारं मशीनसुद्धा. बोलायचा वायरलेस तेवढा बाहेर. आणि सगळ्यांनी पुढे तोंड करून बसायचं, मागे किनाऱ्याकडे वळून बघायचं नाही. मुंबईवाल्याने विचारलं, का? हे म्हणाले, "मागे बघितलं की मासा रुसतो." असं काही नसतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण तांडेलाने तोंड एवढं गंभीर केलं होतं की ते चौघे शाळेतल्या मुलांसारखे पुढे बघत बसले. मुलीला कळलं की बाप खूण लपवतोय. तिने आपलं मशीन पेटीत टाकलं, झाकण लावलं आणि पुन्हा नाळेवर जाऊन उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती. त्या पाठीवरून मला तिचा राग कळत होता.

मला मात्र खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती. मला उलटी होईल अशी माझी खात्री होती, आणि झाली गुरुजींना. बिचारे कडेला ओणवे होऊन "माफ करा, माफ करा" म्हणत होते, जसं काही माझ्याच घरात सांडलं. चिकूवाडीच्या बाईंनी त्यांना आल्याचा तुकडा दिला आणि मागे न वळता मला विचारलं, "तमे पण पहेली वार?" मी म्हटलं, हो, पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "मी पण," आणि आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो. वारा गार होता, ऊन अजून कोवळं होतं. पाणी आधी मातकट, मग हिरवट झालं. दोन डॉल्फिन थोडा वेळ बाजूने आले आणि गेले. मला वाटलं, हे एवढं सगळं रोज बघून हा माणूस घरी यायचा आणि विचारलं की म्हणायचा, काही नाही, पाणी होतं.

दोनेक तास झाल्यावर ह्यांनी मला कोपर लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मागे बघ. चिमणी दिसते?" डहाणूच्या वीजकेंद्राची चिमणी ती, आमच्याकडे कुठूनही दिसते. मी म्हटलं, "दिसते की. तुम्हाला नाही दिसत?" ते म्हणाले, "दिसते का एवढंच सांग. आणि मागचे डोंगर?" मला वाटलं माझी परीक्षा चालली आहे. मी हसत हसत त्यांच्याकडे बघितलं. ते मागे वळले होते, डोळे बारीक केले होते, पण चिमणी होती एका बाजूला आणि ते बघत होते भलतीकडे.

मी हळूच म्हटलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. धुकं आल्यासारखं दिसतं. जवळचं दिसतं, लांबचं नाही."

"आणि गुडघे?"

"गुडघे बरे आहेत."

दोन वर्षं मी त्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळलं होतं. घरात असते तर काय केलं असतं सांगता येत नाही. पण समोर चार परकी माणसं बसलेली, त्यामुळे मी फक्त त्यांच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. मग मला एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी होड्या येताना बघायला जायचं त्यांनी सोडलं होतं. टीव्हीसमोर बसून नुसतं ऐकायचे. रस्त्यात समोरून सख्खा भाऊ आला तरी ओळख न देता पुढे गेले, आणि त्यावरून मी त्यांना गर्विष्ठ म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला त्या वेळी अजिबात नको होतं, कारण आता आमच्या दोघांत चालणारे डोळे माझेच होते. वर इंजिनावर बसलेला ठार बहिरा. तरी देवाची कृपा म्हणून पुढे मुलगी उभी होती आणि समोर मोकळा समुद्र होता.

मग त्यांनी माझ्या कानाशी लागून मला खूण सांगितली. चिमणी आणि एक डोंगर. कोणता डोंगर, कोणत्या बाजूला, किती अंतरावर, ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही माझे जावई लागत नाही. पण खूण ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, हे सांगते. सासऱ्यांनी ती ह्यांना सांगितली, त्यांना त्यांच्या वडिलांनी, आणि आता ती एका बाईच्या कानात पडत होती, जिला सुकाणू कोणत्या हाताने धरतात तेही ठाऊक नाही.

होडीवाल्यांची भाषा मला येत नाही, म्हणून मी माझ्या भाषेत सांगायला लागले. अजून वीतभर लांब आहे. आता चार बोटं. आता दोन. हात पुढे धरून मी बोटांनी अंतर मापत होते, बोंबलाची जुडी मापावी तसं. त्यांना ते बरोबर कळत होतं. "आता लागले," मी म्हटलं, आणि त्यांनी हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावलं. मग त्यांनी दोरी सोडली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा होता आणि गोळ्याच्या बुडाला साबण चोपडलेला, म्हणजे तळाला जे असेल ते साबणाला चिकटून वर येतं. दोरी हाताहाताने मोजत त्यांनी वर ओढली. गोळ्याला काळा गाळ. त्यांनी तो बोटांत चोळला आणि मान हलवली. खडक तिथे नव्हता.

थोडं सरकून पुन्हा टाकला. पुन्हा गाळ. तिसऱ्यांदाही गाळ. मुंबईवाली बाई नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलली. गुरुजी होडीच्या तळाशी आडवे झाले होते. मुलगी नाळेवरून आमच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर सोमवार दिसत होता. मला वाटलं, माझ्यामुळे जाणार ही पोर. माझ्या बोटांच्या मापामुळे जाणार.

हे शांत होते. म्हणाले, "तू बघतेस त्या डोंगराचं डोकं कसं आहे?"

मी म्हटलं, "कसं म्हणजे? टोकदार. चाळीस वर्षं तलासरीला जाताना बघते मी तो, मला नका सांगू."

"तिथेच चुकलीस," ते म्हणाले. "तू बघतेस हमरस्त्यावरून, मागच्या बाजूने. समुद्रावरून तो तसा दिसत नाही. इथून त्याला टोक नाही. गाढवाच्या पाठीसारखा दिसतो, मध्ये खोलगट."

मी पुन्हा बघितलं. टोकदार दिसत होता तो दुसराच कुठला तरी होता, मागच्या रांगेतला. खरा बाजूला पसरलेला होता आणि सकाळपासून मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. टेम्पोतून आयुष्यभर एक डोंगर बघावा, त्याच्या भरवशावर पोरगी पणाला लावावी आणि तो समुद्रावर येऊन तोंड बदलून बसावा. मी त्याला एक शिवी दिली. हे दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि त्या आवाजाने पुढचे चौघे मागे वळले. मीच ओरडले, "पुढे बघा, मासा रुसेल."

अर्धा तास होडी उत्तरेला गेली. ह्या वेळी मी डोंगर सोडला नाही, पापणी लवली तरी भीती वाटायची. वीतभर, चार बोटं, दोन बोटं, एक बोट. "आता." इंजिन थांबलं, गोळा खाली गेला. वर आला तेव्हा साबणाला बारीक शिंपल्यांचा चुरा आणि एक खडा चिकटला होता. त्यांनी तो खडा दोन बोटांत धरून कुरवाळला. डोळ्यांजवळ नेलाही नाही. मुलीला म्हणाले, "उतरव तुझी माणसं."

पाणी असं होतं की मला आधी कळलंच नाही की ते आमचंच पाणी आहे. होडीची सावली त्यात खोलवर गेलेली दिसत होती. मुलीने मागे लांब दोर सोडला, त्याला बोये बांधले, माणसं एकेक करून दोराला धरून उतरली. सगळ्यांत आधी कोण, तर तेच मघाचे ओकणारे गुरुजी.  माझा जीव टांगणीला. मग वर दहा-बारा कुरव पक्षी आले आणि दगड टाकल्यासारखे पाण्यात पडायला लागले. गुरुजींच्या नळीतून एक आवाज आला, आणि मग चौघांच्याही नळ्यांतून. काय म्हणतात ते कळत नव्हतं, पण ती ओरड आनंदाची होती हे बहिऱ्या खलाशालाही कळलं असतं.

मुलीने होडीच्या कडेला हात टेकून माझ्याकडे बघितलं. "आई, चल." मी म्हटलं, वेडी का तू? हे म्हणाले, "जा." मी तिचा पंजाबी ड्रेस घातला, तो मला कुठेकुठे बसत नव्हता ते राहू दे. वर नारंगी जाकीट चढवलं, मास्क लावला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी जेवढे देव आठवले तेवढे उभ्या जन्मात आठवले नसतील. पाणी थंड होतं. नळीतून श्वास घेताना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, घोरणाऱ्या माणसासारखा. पोरीने माझा हात घट्ट धरला होता. मी तोंड खाली घातलं.

खाली तारल्या होत्या, तेच ते खडकावर जमणारे बारीक मासे. हजारो, एकमेकींना चिकटून, सगळ्या एकदम वळणाऱ्या, एकदम चमकणाऱ्या. मग त्या मधोमध फाटल्या आणि त्या फटीतून काहीतरी गेलं. मला दिसलं ते गेल्यावर. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी बघितली. सुरमई. माझी सुरमई, जिला मी चाळीस वर्षं करडी समजत होते, ती करडी नव्हतीच. पाठ मोरपिशी हिरवी, कुशी रुपेरी, त्यावरचे पट्टे असे लकाकत होते की आता विझतील असं वाटावं. शेपटी हलताना दिसत नव्हती, नुसती ती इथे होती आणि मग तिथे होती. खालून आणखी चार-पाच आल्या, आणि त्यांच्या खालून गोळीसारखे सुटलेले कुपे. तारल्यांचा गोळा दबायचा, फुटायचा, पुन्हा जमायचा. चंदेरी खवले पाण्यात तरंगत खाली जात होते.

एक सुरमई माझ्या अगदी समोरून गेली. तिने माझ्याकडे बघितलं. मेलेल्या सुरमईचा डोळा मी रोज बघते, ताजी की शिळी ठरवायला. हा डोळा मला ठरवत होता. मी तिच्या खाण्याची नाही आणि तिच्या कामाची नाही, एवढं तिला अर्ध्या क्षणात कळलं आणि ती गेली. आणि माझा हात, लाज वाटते सांगायला, तिचा कल्ला उघडून बघायला आपोआप पुढे गेला होता. माझं मलाच हसू फुटलं, नळीत खारं पाणी शिरलं, पोरीने मला वर काढलं आणि मी खोकत खोकत हसत राहिले. ती पण हसत होती. इतकी सुखी मी कधी होते ते मला आठवत नाही. तिच्या बारशालासुद्धा नव्हते, तेव्हा मला टाके दुखत होते.

तासभर चाललं ते. मग एकाएकी पक्षी उठले, तारल्या खोल गेल्या आणि पाणी रिकामं झालं. परत निघालो तेव्हा पाहुण्यांच्या तोंडाला खळ नव्हता. गुरुजी सगळ्यांना हातवारे करून सांगत होते की सुरमई कशी वळली, जसं काही बाकीच्यांनी बघितलीच नव्हती. चिकूवाडीच्या बाईंनी डबा उघडून सगळ्यांना चिकूच्या फोडी दिल्या, आणि आता कोणीही कुठेही तोंड करून बसलं होतं. जागा मागे पडली होती, म्हणून ह्यांनी ते चालू दिलं.

मुलगी येऊन बापाच्या पायाशी बसली. केस अजून ओले होते. ती म्हणाली, "बाबा, मी त्यांना नकार कळवणार आहे. मी इथेच राहते. आज काही झालं नसतं तर गेले असते, पण आता मला जायचं नाही. फक्त खूण सांग. तू रोज येणार नाहीस आणि खूण नसेल तर राहून मी काय करू?"

ह्यांनी सुकाणू थोडं वळवून सरळ केलं. मग पुढच्या चौघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. "मला काय विचारतेस? आईला विचार. होडी तिने नेली खडकावर. मला डोंगर दिसत नाही. दोन वर्षं झाली, मला चिमणीसुद्धा दिसत नाही."

पस्तीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस चार परक्या माणसांसमोर हे बोलला. मुलीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.  तिने बापाच्या हातावर हात ठेवला, सुकाणूवर असलेल्या, आणि तो तिथून काढला नाही. खाडीच्या तोंडापर्यंत त्या दोघांनी मिळून होडी आणली. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसून तिच्या कानात खूण सांगितली, डोंगराच्या खोलगट पाठीसकट, म्हणजे तिने माझ्यासारखी चूक करू नये. हे कान देऊन ऐकत होते. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "बरोबर."

सोमवारी मुलगी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस कुठे होतात? तेच मी त्यांना रविवारी विचारलं होतं, ओटीवर, चहा देताना. म्हटलं, माझ्यापासून लपवलंत ते एक वेळ जाऊ दे, त्याचा हिशोब मी जन्मभर मागत राहीन. पण अंदमानचं पत्र आलं तेव्हा पोरीला सांगितलं असतंत की मला दिसत नाही, तर ती त्याच दिवशी राहिली असती. एवढा खटाटोप कशाला केलात?

ते बशीत चहा ओतत होते. थेंबही बाहेर सांडला नाही, जवळचं त्यांना दिसतंच. म्हणाले, "राहिली असती ना. म्हणूनच नाही सांगितलं."